गवा, शेणकिडा आणि कापायचं टेबल

आईला कापायच्या टेबलावरून उठवलं त्या दिवशी घरात कोणी गेलं नव्हतं, पण सगळे तसेच पाय न वाजवता चालत होते.

टेबल तिचं होतं. म्हणजे लाकूड सासऱ्यांनी आणलेलं, पाय सुताराने बसवलेले, पण टेबल तिचं. ते सोंगांचं दुकान होतं. नाटकाला राजा लागो, भूत लागो, वाघ लागो की चंद्र लागो, इथे शिवून मिळायचा. शिवणारे, चिकटवणारे, रंगवणारे बसून काम करायचे. उभं राहून कात्री चालवायचा मान एकाचाच, आणि जो कापील तो घरातला मोठा. नवरा गेल्यापासून तिथे तीच उभी होती, आणि उभी अशी की दारात आलेलं गिऱ्हाईक आधी घसा साफ करायचं, मग बोलायचं.

मग तिच्या उजव्या हाताला थरथर सुटली. ती आधी चहाच्या कपाला कळली, मग घराला. राणीच्या झग्याची मखमल कापताना कात्री अशी भरकटली की राणीला एक खांदाच उरला नाही. तसली मखमल पुन्हा मिळेना. राणीने शेवटी एका खांद्यावर शाल टाकून राज्य केलं.

"आई, तू आता खिडकीपाशी बसत जा," मुलगा म्हणाला. तिच्याकडे बघून नाही, टेबलाकडे बघून. "उजेड छान आहे तिथे. बटणं लाव."

"बटणं," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. तिला ओळखणाऱ्यांनी त्या एका शब्दावरून पुढचे दिवस ओळखायला हवे होते. पण मुलगा खूश झाला. त्याला वाटलं, मिटलं.

ती खिडकीपाशी बसली. बटणं लावली. अशी घट्ट लावली की एका सरदाराला नाटक संपल्यावर कोट काढता येईना.

त्याच आठवड्यात नाटकवाला आला. हा माणूस बोलताना दोन्ही हात असे पसरायचा की टेबलावरच्या टाचण्या गोळा कराव्या लागायच्या. मुलांचं नाटक बसवत होता.

"जंगलात भांडण लागतं," त्याने हात पसरले. "श्रेष्ठ कोण? रानगवा की शेणकिडा? गवा म्हणतो, मी चाललो की जमीन हलते, वाघ वाट सोडतो. किडा म्हणतो, मी नसतो तर तू आपल्याच घाणीत गुडघ्यापर्यंत रुतला असतास."

"मग जिंकतो कोण?" सुनेने विचारलं. ती रंगवायचं काम बघायची, आणि गोष्ट अर्धी सोडलेली तिला खपायची नाही.

"ते शेवटी समोर बसलेली मुलं ओरडून सांगतात. ज्याचं नाव मोठ्यांदा, तो श्रेष्ठ." नाटकवाला मुलाकडे वळला. "गवा मला भव्य पाहिजे. शिंगं अशी! मुलांच्या छातीत धडकी भरली पाहिजे. आत दोन माणसं चालतील, आमचा नट लांब्या पुढे आणि दुसरा एक मागे. किड्याचं फार मनावर घेऊ नका. काळं पोतं घाला आणि सहा पाय लोंबू द्या. हसू आलं की झालं."

खिडकीपाशी दोरा तुटल्याचा आवाज आला. तिने दाताने तोडला होता.

"पोतं तुम्ही बाजारातून आणा," ती म्हणाली. "इथे सोंगं मिळतात."

"आई," मुलगा म्हणाला.

"शेणकिडा मी करते."

"आई, तुझा हात..."

"हात माझा आहे ना? मग त्याची काळजी त्याला आणि मला. तू गवा कर. भव्य कर. ढग लागू देत शिंगांना. आणि ऐक, शेवटी मुलांनी माझ्या किड्याचं नाव ओरडलं तर टेबल माझं. पुन्हा बटणाचं नाव काढायचं नाही."

मुलगा हसला. बापासारखा हसायचा तो, खालचा ओठ दुमडून. "आणि गव्याचं ओरडलं तर?"

"तर टेबल तुझं. मी मेल्यावर नाही, आत्ताच. सगळ्यांसमोर सांगते."

नाटकवाल्याला वाटलं, घरात गंमत चालली आहे. तो खूप हसला. एकटाच.

दुसऱ्या दिवशी लांब्या आणि त्याचा जोडीदार माप द्यायला आले. किड्याचं काम करणारी नटीही आली. ती इतकी लहान चणीची होती की तिला सगळे चिमणीच म्हणत. मापं दुकानातच घेतली जायची. नाटकगृहात जाऊन माप घ्यायचं नाही, हा या घरचा कायदा, आणि तो आईनेच घातलेला. लग्न होऊन नवीन आली होती तेव्हा एका मोठ्या कंपनीच्या मालकाने तिला माप घ्यायला बोलावून दिवसभर मागच्या जिन्यावर बसवून ठेवलं होतं, आणि संध्याकाळी निरोप पाठवला की उद्या या. ती उद्या गेली नाही. पुन्हा कोणाच्याच दारी गेली नाही. ज्याला सोंग पाहिजे त्याने अंग घेऊन इथे यावं. आणि ते येत होते.

मुलाने गव्याला हात घातला. खोटं कशाला बोलायचं, पोराच्या हातात कसब होतं. वेताचा सांगाडा त्याने असा बांधला की नुसता उभा केला तरी जनावर श्वास घेतंय असं वाटावं. खांद्यापासून पाठीपर्यंत तो उंच उंचवटा, काळपट तपकिरी अंग, चारही पायांना गुडघ्याखाली पांढरे मोजे. शिंगं कागदाच्या लगद्याची, पिवळसर, टोकाला काळी, आणि दोन्ही बाजूंना अशी पसरलेली की दुकानातून वावरताना सगळे वाकून चालायला लागले. शिंगं त्याने सांगाड्यातच ओवून टाकली. म्हणाला, मान हलवली तर डुगडुगता कामा नयेत.

आई येता-जाता बघायची. चांगलं झालंय असं म्हणायची नाही. "कान छोटे झाले," एवढं म्हणायची. कान बरोबर होते.

आणि ती स्वतः? ती गायब व्हायची. सकाळचा चहा झाला की बाई नाहीशी. सून शोधत शोधत मागच्या गल्लीतल्या दूधवाल्याच्या गोठ्यात पोचली, तर सासूबाई गोठ्यामागे उकिडव्या बसलेल्या, नाक जमिनीपासून वीतभर.

"आई! शेणात काय बघत बसलात?"

"हळू बोल. पळेल."

सून नाकाला रुमाल लावून वाकली. एक काळा किडा, बोटाच्या पेराएवढा, स्वतःहून मोठा गोळा ढकलत होता. डोकं खाली, पुढचे पाय जमिनीला, मागचे पाय गोळ्यावर. उलटा चालत होता.

"हा असा उलटा का चालतोय?"

"जोर मागच्या पायांत आहे म्हणून. जाईल तिकडे पाठ, आलाय तिकडे तोंड." आईने काडीने जमिनीवर एक रेघ दाखवली. "तिथून इथपर्यंत आला. दोनदा गोळा खड्ड्यात पडला. दोनदा काढला. कोणाला हाक मारली नाही."

"पण गवा तो गवाच ना, आई. जंगलात आला की सगळे बाजूला होतात."

"होऊ देत. गवा काय करतो? खातो आणि टाकतो. एवढं मोठं धूड, पण मागे वळून बघत नाही आपण काय सांडलं ते. हा बघतो. याला कोणी वाट देत नाही, कोणी छातीत धडकी भरवून घेत नाही, उलट पायाखाली आला तर चप्पल पुसतात. तरी हा कोणापुढे मान घालत नाही."

"मान तर खालीच आहे की त्याची."

"ती कामाला खाली आहे," आई म्हणाली. "लाजेने नाही. फरक असतो. ऊठ आता, तुझा पाय पडलाय शेणात."

दुकानात परत आल्यावर तिने टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. कापडाची गुंडाळी जमिनीवर सोडली आणि स्वतः गुडघ्यांवर बसली. टेबलाशी उभं राहिलं की तिचा हात कोपरापासून हवेत लोंबकळायचा, आणि लोंबकळला की थरथरायचा. जमिनीवर तिने कोपरापासून मनगटापर्यंत सगळा हात फरशीला टेकवून दाबला. कात्री फरशीवर ठेवली, ती तिथेच. डाव्या हाताने कापड कात्रीच्या तोंडात ओढलं. कात्री जागची हलली नाही. कापड चालत गेलं. थोडं कापून झालं की ती मागे सरकायची, पुन्हा हात टेकवायची, पुन्हा कापड ओढायची.

रेघ सरळ आली. सून बघतच राहिली. आईने कोणाकडे वर बघितलं नाही, पण तिचे कान उभे होते आणि कोणी काही बोलत नव्हतं हे तिला ऐकू येत होतं.

किडा छान उतरला. पाठीवर दोन ढाली, काळ्या, आणि उजेडात फिरवलं की त्यावर निळसर झाक यायची. डोक्याला पुढे फावड्यासारखी कड. गोळा गोणपाटाचा, आत पेंढा. चिमणीला घालून बघितला तेव्हा ती सरळ गोळ्याला पुढून ढकलायला लागली.

"उलटी," आई म्हणाली.

"आजी, उलटं चालू कशी? दिसणार कसं मला?"

"मागचं दिसत नाही, पण तोंडासमोरचं दिसतं ना? किड्याला तेवढं पुरतं. चाल."

"पडले तर?"

"तर ऊठ. तो काय नाटकवाल्याला बोलावतो का?"

चिमणी चार वेळा आपटली, चौथ्यांदा गव्याच्या पांढऱ्या मोज्यावर. मग जमलं तिला.

प्रयोग दुपारचा होता. टेम्पोतून गवा गेला, किडा गेला, मुलगा आणि सून सोबत गेले. आई गेली नाही. कायदा होता ना. ती खिडकीपाशी बसून राहिली आणि एकही बटण लावलं नाही.

थोड्या वेळाने सून धावत आली. तोंडाला रंग, श्वास चढलेला.

"आई, गवा अडकला."

"कुठे?"

"रंगमंचामागच्या दारात. शिंगं आत जात नाहीत. तिरका केला तर पाठ अडकते. आडवा केला तर लांब्या आत ओरडतो. तुम्ही..." ती थांबली. या घरात कोणी हे वाक्य कधी पुरं केलं नव्हतं. "तुम्ही येता का?"

आई बसून राहिली. दुकानाला पुढे मोठं शटर होतं, त्यातून हत्तीसुद्धा गेला असता, आणि एकदा गेलाही होता, कापडाचा. तिथलं दार केवढं आहे हे कोणी बघायला गेलंच नव्हतं. जाऊ दिलं नव्हतं. कोणी, ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिने चपला घातल्या.

नाटकगृहाच्या मागच्या बोळात गवा दारात तोंड खुपसून उभा होता. मागून नुसते पाय दिसत होते, आणि मागच्या पायांतला माणूस म्हणत होता, "मला निदान शिंकू तरी द्या." आत प्रेक्षकांच्या दालनात मुलांचा गलका वाढत होता. नाटकवाल्याचे हात आज पसरले नव्हते, डोक्यावर होते.

मुलाने तिला बघितलं आणि त्याचं तोंड लाल झालं. "बघायला आलीस? बघ. तुझाच कायदा. माप घ्यायला कोणाच्या दारी जायचं नाही. दाराचं माप कोण घेणार होतं?"

सून जमिनीकडे बघायला लागली. चिमणी अर्ध्या किड्यात उभी होती.

"कायदा माझाच," आई म्हणाली. "घातला मी, आज मोडलाही मीच. म्हणून तर इथे उभी आहे. पुढे बोल."

पण नाटकवाला बोलला. "शिंगं कापा. आरी आहे आमच्याकडे. मुळापासून नको, अर्धी."

मुलाने आरीकडे बघितलं. मग शिंगांकडे. ती लगद्याची शिंगं त्याने चार वेळा रंगवून चार वेळा पुसली होती, हे आईने खिडकीतून पाहिलं होतं. "कापतो," तो म्हणाला. आवाज अगदी सपाट होता. "दुसरं काय करणार."

आता बघा. शिंगं कापलेला गवा म्हणजे काय? मोजे घातलेली म्हैस. त्याच्यापुढे तिचा निळसर झाकेचा किडा असा उठून दिसला असता की मुलांनी छप्पर उडवलं असतं. पैज जिंकायला तिला काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण गप्प बसून तिला जन्मात कधी काही मिळालं नव्हतं, आणि आज मिळत होतं तर ते तिला नको झालं.

"आरी खाली ठेव."

"आई, वेळ नाहीये."

"खाली ठेव म्हटलं ना! माझ्या घरात जन्मलेल्या जनावराची शिंगं दारासाठी कापायची नाहीत. दार कापा हवं तर."

"बाई, दार सरकारी आहे," नाटकवाला कळवळला.

"मग दुसरं दार बघा. ही एवढी मुलं आत आली ती काय खिडकीतून? पुढचं दार केवढं आहे?"

"पुढचं? ते दोन झडपांचं आहे, मोठं आहे, पण ते प्रेक्षकांचं! माझी पात्रं पडद्यामागून येतात."

"गवा पडद्यामागे राहतो का हो? गवा समोरून येतो. मधल्या वाटेने, मुलांच्या अंगावरून. तुम्हाला छातीत धडकी पाहिजे होती ना? मग ती छातीपाशी नेऊन द्या."

नाटकवाल्याने हात हळूहळू पसरले. "पण पुढून रंगमंचावर पायऱ्या आहेत. लांब्याला मानेच्या जाळीतून आपले पायसुद्धा दिसत नाहीत."

आई चिमणीकडे वळली.

"तू पुढे चालणार. गोळा घेऊन, उलटी. तुझी पाठ रंगमंचाकडे, तोंड गव्याकडे. त्याचे पाय तुला दिसतील. पायरी तुझ्या पायाला लागली की त्याला सांगायचं. मोठ्यांदा नाही, किडा बोलेल तेवढंच."

"आणि मला पायरी दिसली नाही तर?"

"मागचे पाय कशाला दिलेत तुला?"

गवा मागे ओढून काढला, वळसा घालून पुढे नेला. आई आत जाऊन अगदी मागे, दाराच्या बाजूच्या भिंतीला टेकून उभी राहिली. कोणी खुर्ची दिली, ती तिने बघितली आणि सोडून दिली.

दोन्ही झडपा उघडल्या. आधी किडा आला, उलटा. मुलं हसली. हसता हसता थांबली, कारण दारात अंधार झाला. शिंगं आत आली, मग डोकं, मग तो डोंगर. कडेच्या खुर्च्यांवरच्या मुलांनी पाय वर घेतले. एक पोर आपल्या आईच्या कुशीत घुसलं आणि तिथूनच एका डोळ्याने बघायला लागलं. गवा चालला. त्याच्या पुढे, त्याच्या नाकाखाली, काळी पाठ मागे मागे सरकत होती, आणि कोणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. फक्त आईला ऐकू आल्यासारखं वाटत होतं: डावा. उजवा. थांब. पायरी. आता.

गोळा एकदा पायरीवरून घसरला. किडा त्याच्यामागे गेला, परत आला, पुन्हा पाय लावले. गवा थांबून वाट बघत होता. मुलांना वाटलं तो रागाने फुरफुरतोय. तो लांब्या होता, घाबरलेला.

चढला. चारही मोजे वर. टाळ्यांनी काही ऐकू येईना.

मग भांडण झालं, आणि ते चांगलं रंगलं. किड्याची बाजू चिमणीने तोंडाने लढवली, कोणाला सोडलं नाही. शेवटी नाटकवाला पुढे आला आणि हात पसरले. "सांगा मुलांनो, श्रेष्ठ कोण?"

"गवा!" सगळं दालन ओरडलं. "गवा! गवा!"

"शेणकिडा!" मागून एकच आवाज आला, जाडसर, म्हाताऱ्या बाईचा. इतका मोठा की पुढच्या रांगेतल्या मुलांनी वळून बघितलं. "शेणकिडा!" तिने पुन्हा सांगितलं, बघणाऱ्यांकडे बघून. आणि सून, तोंडाला रंग तसाच, तिच्या शेजारी उभी राहून हसत होती की रडत होती ते तिलाच कळेना.

घरी परतताना मुलगा टेम्पोत गव्याची शिंगं धरून बसला. दुकानाच्या दारात आल्यावर म्हणाला, "पैज राहू दे, आई."

"का राहू दे? हरले मी. मुलं काय बहिरी होती? टेबल तुझं. घराण्याचं आहे, नीट ठेव, त्यावर चहाचा कप ठेवशील तर बघ."

"मग तू?"

"झोपायला चालले. तुझे ते गव्याचे कान बरोबर होते."

सकाळी मुलगा दुकान उघडायला आला, तर दार आतून आधीच उघडलं होतं. टेबल भिंतीला लावलेलं, पुसून लख्ख, त्यावर कात्री नाही. सगळ्या फरशीभर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुढच्या नाटकातल्या समुद्राचं निळं कापड पसरलं होतं, आणि त्याच्या मधोमध आई गुडघ्यांवर, पाठ दाराकडे, हात जमिनीला टेकून. कापड कात्रीत चालत होतं. ती मागे मागे सरकत त्याच्याकडे येत होती.

"आई, मी टेबलाशी जाऊ कसा?"

"भिंतीच्या कडेने. पाय उचलून."

"आणि शिवणारे? रंगवणारे?"

"तेही कडेने. सगळ्यांना माणसासारखे पाय आहेत." तिने कापड ओढलं. "तू टेबल मागितलंस, दिलं. जमीन कोणी मागितली नव्हती."

त्याने चपला काढून हातात घेतल्या. भिंतीला पाठ लावून, समुद्रावर पाय पडू न देता, तो आडवा आडवा चालत निघाला.

"सांभाळून," आई मान वर न करता म्हणाली. "डावा. आता उजवा. थांब, तिथे टाचणी आहे."